परदेशी निघण्यापूर्वी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शिकायला जाणारे, कला घेऊन जाणारे आणि माल पाठवणारे अशा तिघांचीही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण तिघांचंही घोडं एकाच जागी पेंड खातं. गुण चांगले असतात, चित्र उत्तम असतं, वस्तू पक्की असते; पण पलीकडचा माणूस ज्या मापाने ती मोजणार, त्या मापात ती कोणी लिहून दिलेली नसते.

प्रश्न: युरोपातल्या एका विद्यापीठात एक सत्र करायला निवड झाली आहे. तिथे ३० श्रेयांकांचे विषय घ्या म्हणतात. आमच्या विद्यापीठात सत्राला २० श्रेयांक असतात. म्हणजे दीडपट अभ्यास करावा लागणार का? आणि परत आल्यावर ते विषय धरले जातील का?

दीडपट अभ्यास नाही. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० आणि सत्राचे ३० श्रेयांक धरतात. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास. त्यात तास, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षेची तयारी, सगळं आलं. तुमच्याकडचा श्रेयांक बहुधा फक्त वर्गातल्या तासांवर मोजलेला असेल, म्हणून आकडा लहान दिसतो. श्रेयांकाला श्रेयांक लावू नका, सत्राच्या पूर्ण भाराला सत्राचा पूर्ण भार लावा. तुमचे २० म्हणजे त्यांचे ३०, म्हणून तुमचा ४ श्रेयांकांचा विषय त्यांच्याकडे ६ चा. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० मोजतात, तिथले २ म्हणजे ईसीटीएसचा १.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. विषय धरले जाणं परतल्यावर ठरत नाही, ते जाण्याआधीच ठरवून घ्यायचं असतं. त्यासाठी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागद असतो. एका बाजूला तिथले विषय, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय माफ होणार, आणि खाली तीन सह्या: तुमची, तुमच्या विभागाची आणि तिकडच्या विभागाची. तिसऱ्या सहीसाठी थांबून राहणारे बरेच असतात, पण खरा अडथळा दुसऱ्या सहीचा असतो. तुमच्या विभागप्रमुखांना विषयाचं नाव दाखवून चालणार नाही. त्या विषयाचं पूर्ण वर्णन द्या: एकूण तास, घटक, वाचनाची यादी, परीक्षेची पद्धत, आणि शेवटी विद्यार्थ्याला काय यायला हवं ते. 'माध्यमं आणि समाज' या एकाच नावाखाली एका ठिकाणी आकडेवारी शिकवतात, दुसऱ्या ठिकाणी चित्रपट दाखवतात. हे वर्णन संकेतस्थळावरून उतरवून त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. पुढच्या वर्षी ते पान बदललेलं असतं आणि तुम्ही नेमकं काय शिकलात, हे दाखवायला काही उरत नाही.

तिथे पोहोचल्यावर काय बिघडतं? ठरवलेला विषय त्या सत्रात शिकवतच नाहीत, किंवा दोन विषयांचे तास एकमेकांवर येतात. विद्यार्थी शहाणपणाने दुसरा विषय घेतो, चांगला उत्तीर्णही होतो, आणि करारात बदल करायचा विसरतो. मग वरातीमागून घोडं. करार बदलायची मुदत सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतीच असते, आणि बदललेल्या कागदावरही पुन्हा तिन्ही सह्या लागतात. म्हणून निघतानाच दोन पर्यायी विषयांना तोंडी नव्हे, ईमेलवर होकार घेऊन ठेवा.

प्रश्न: जर्मन विद्यापीठाच्या अर्जासाठी माझे ७० टक्के त्यांच्या श्रेणीत बदलले. मला १.९ मिळाले. मैत्रिणीने त्याच गुणांचे २.५ काढले. आमच्याकडे उत्तीर्ण व्हायला ४० लागतात. कोणाचं बरोबर?

मैत्रिणीचं. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही उत्तीर्ण होण्याची शेवटची. सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा.

तुमच्या बाबतीत १०० वजा ७० म्हणजे ३०. १०० वजा ४० म्हणजे ६०. भागाकार ०.५, तीनपट १.५, आणि १ मिळवून २.५. तुम्ही किमान गुणांच्या जागी ४० ऐवजी शून्य घातलं, म्हणून भागाकार ०.३ झाला आणि उत्तर १.९ आलं. ही चूक फार जण करतात, आणि ती नेहमी आपल्या फायद्याची पडते, त्यामुळे तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच भरते. दुसरी चूक कमाल गुणांची. वर्गात पहिल्या आलेल्याचे ९१ असले तरी कमाल १००च. विद्यापीठ स्वतः वेगळं सांगत असेल तरच वेगळं.

गुणपत्रिकेवर उत्तीर्णतेची किमान मर्यादा छापलेली आहे का, ते आधी पाहा. नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून एका ओळीचं पत्र घ्या. आणि अर्जात मूळ गुण आधी, बदललेली श्रेणी त्याच्या शेजारी. नुसती बदललेली श्रेणी लिहू नका. शेवटचा आकडा त्यांचं कार्यालय स्वतः काढतं आणि तोच धरला जातो.

प्रश्न: पदवीवर अपॉस्टिल करून घ्यायला सांगितलं आहे. आधी भाषांतर की आधी अपॉस्टिल?

अपॉस्टिल म्हणजे कागदावरची सही-मोहोर खरी असल्याचा, परदेशात चालणारा अधिकृत शिक्का. बहुतेक ठिकाणी आधी अपॉस्टिल, मग भाषांतर, कारण अपॉस्टिलवरचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो. भाषांतरकार कुठल्या यादीतला हवा, हे ज्यांनी कागद मागितला त्यांनाच विचारा. काही देशांना त्यांच्याच न्यायालयात शपथ घेतलेला भाषांतरकार चालतो, इतर कोणी नाही.

हा शिक्का १९६१ च्या हेग करारातला आहे. किमान ९ सेंटीमीटर बाजूचा चौकोन आणि त्यात १० क्रमांकित रकाने. तो फक्त सही, सही करणाऱ्याचं पद आणि मोहोर खरी असल्याचं सांगतो. पदवी कुठल्या दर्जाची, हे तो सांगत नाही, त्यामुळे समकक्षतेचा दाखला वेगळा लागतो. करारात नसलेल्या देशासाठी वकिलातीचा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. मात्र जुन्या माहितीवर जाऊ नका: चीनमध्ये हा करार नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाला आहे. आणि पदवी लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि ते सोलताना कागद फाटतो.

प्रश्न: मी चित्रकार आहे. परदेशी निवासी कार्यक्रमांसाठी चार अर्ज केले, चारही नाकारले. काम कमी पडतं की अर्ज?

काम न पाहता कामाबद्दल बोलता येणार नाही. पण तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात अर्जाचं दुखणं स्पष्ट दिसतं. तुम्ही ४० चित्रं पाठवली आहेत, वेगवेगळ्या १० वर्षांतली. निवड करणाऱ्यांना इतक्यांतून तुमचा आजचा शोध सापडत नाही. दहा ते पंधरा प्रतिमा पुरेत, तीन वर्षांच्या आतल्या, आणि निदान एका मालिकेतली पाच-सहा सलग.

प्रत्येक प्रतिमेखाली शीर्षक, साल, माध्यम आणि मोजमाप सेंटीमीटरमध्ये, आधी उंची, मग रुंदी. तुमच्या यादीत इंच आणि सेंटीमीटर मिसळले आहेत, आणि '२४ × ३६' म्हणजे चित्र उभं की आडवं ते कळत नाही. एका प्रतिमेत चित्राशेजारी माणूस उभा करा, आकाराचा अंदाज येतो. फाइल एसआरजीबी रंगपद्धतीत जतन करा. दुसऱ्या पद्धतीतली लाल छटा त्यांच्या पडद्यावर मळकी दिसू शकते. फाइलच्या नावात अनुक्रमांक, आडनाव, शीर्षक आणि साल. 'अंतिम-नवीन-२' असं नाव असलेली फाइल शंभर अर्जांच्या ढिगात पुन्हा सापडत नाही.

आता निवेदन. 'निसर्ग आणि मानव यांतील नातं मी शोधते' हे वाक्य तुम्ही चारही अर्जांत तसंच ठेवलं आहे. ते कोणाच्याही चित्राला लागू पडतं. त्या जागी, त्याच ठिकाणी जाऊन काय करणार ते लिहा: कुठला छापखाना, कुठलं संग्रहालय, कुठली भट्टी तुम्हाला हवी, पहिल्या दोन आठवड्यांत काय, शेवटी हातात काय उरणार. त्यांच्याकडे लिथोग्राफीचा (चित्र छापायचा) दगड आहे आणि तुमच्या गावी नाही, एवढं एक खरं कारण पानभर तत्त्वज्ञानापेक्षा जड भरतं.

होकार आला तर सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी घ्या: प्रवास कोणाचा, राहणं कोणाचं, साहित्याचा खर्च कोणाचा, रोजचा भत्ता किती, आणि तिथे केलेलं काम कोणाचं. काही ठिकाणी एक चित्र ठेवून यावं लागतं. त्याला हरकत नाही, पण कुठलं ते कोण निवडणार, हे करारात असू द्या. चित्र दिलं म्हणजे त्याच्या छपाईचा हक्क दिला असं होत नाही. १८८६ च्या बर्न करारातल्या देशांत कृतिस्वामित्व (कॉपीराइट) नोंदणीशिवायच तुमचं असतं, ते लेखी सोडाल तरच जातं.

प्रश्न: आम्ही तीन शिल्पकार मिळून १४ शिल्पं दोन देशांतल्या प्रदर्शनांना नेणार आहोत आणि परत आणणार आहोत. सीमाशुल्क भरावं लागेल का? खोकी लाकडाची आहेत.

परत आणणारच असाल आणि दोन्ही देश एटीए कार्ने पद्धतीत असतील, तर कार्ने काढा. ही एक वही असते, एक वर्षापर्यंत चालते, आणि तिच्यावर व्यावसायिक साधनं, नमुने व प्रदर्शनाच्या वस्तू शुल्क न भरता नेता-आणता येतात. तुमच्या देशात नेमून दिलेलं वाणिज्य मंडळ ती देतं आणि त्यासाठी तारण घेतं.

वहीचं मुखपृष्ठ हिरवं. आत पिवळी पानं आपल्या देशातून बाहेर पडताना आणि परत येताना, पांढरी पानं परदेशात शिरताना आणि तिथून निघताना, निळी नुसतं एखाद्या देशातून पार होताना. प्रत्येक वेळी अधिकारी शिक्का मारतो, पानाचा एक भाग फाडून घेतो आणि स्थळप्रत वहीतच राहते. किती देश, किती फेऱ्या, यावर पानं मोजून घ्या. युरोपीय संघ सीमाशुल्कासाठी एकच प्रदेश आहे: पहिल्या देशात शिरताना आणि शेवटच्या देशातून निघताना शिक्का.

सगळ्यात घातक चूक शेवटच्या पांढऱ्या पानाची. विमानाची वेळ झालेली, रांग मोठी, कलाकार शिक्का न घेता निघतात. कागदोपत्री शिल्पं त्या देशातच राहिली. मग त्या देशाचं शुल्क आणि वर १० टक्क्यांपर्यंत रक्कम असा दावा तुमच्या तारणावर येतो. तसं झालंच तर परतल्यावरच्या पिवळ्या पानाचा शिक्का पुरावा म्हणून मांडता येतो, म्हणून तो तरी चुकवू नका. दुसरी चूक तारखेची. वही वर्षभराची असली तरी परदेशी अधिकारी स्थळप्रतीवर माल परत नेण्याची वेगळी, जवळची तारीख लिहू शकतो. शिक्का मिळताच ती ओळ वाचा, तिथेच उभं राहून.

यादी एकदा दिली की तिच्यात भर घालता येत नाही. म्हणून 'कांस्य शिल्पं, १४ नग' अशी एक ओळ लिहू नका. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ: 'क्रमांक ३, कांस्य, बसलेली आकृती, उंची ४२ सेंटीमीटर, तळाशी क ३ कोरलेलं, १ नग, ११.५ किलो, किंमत, उत्पत्तीचा देश'. अधिकाऱ्याने शिल्प उलटं करून पाहिलं की क ३ दिसलं पाहिजे. वाटायच्या पुस्तिका, रंग, गोंद यांना कार्ने चालत नाही. ते संपणार किंवा तिथेच राहणार. विकायचं मनात असेल तर ती शिल्पं रीतसर निर्यात करा. कार्नेवर गेलेलं शिल्प परस्पर ग्राहकाच्या हाती दिलं की दावा ठरलेलाच.

खोक्यांसाठी आयएसपीएम १५ हा लाकडी वेष्टनांचा आंतरराष्ट्रीय नियम. लाकूड साल काढलेलं आणि गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवलेलं हवं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीची खूण, देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक व एचटी (उष्णतेची प्रक्रिया झाल्याची) ही अक्षरं. हा उपाय लाकडातल्या किडीसाठी आहे. त्यामुळे प्लायवूड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यांना सूट मिळते. लक्षात न येणारी गोष्ट अशी की शिक्क्याच्या खोक्यात ऐनवेळी साध्या लाकडाचा एक ठोकळा ठोकला, तरी खोकं नापास. आतले आधार, पाचरी, सगळं त्याच लाकडाचं असू द्या. पोहोचल्यावर खोकी २४ तास न उघडता दालनात ठेवा. थंड मालवाहू कक्षातून आलेल्या धातूवर उबदार हवा लागली की दव धरतं आणि पॅटिनावर, म्हणजे धातूवरच्या रंगीत थरावर, डाग उमटतात. शिल्पांची स्थिती फोटोसह चारदा नोंदवा: बांधताना, उघडल्यावर, पुन्हा बांधताना, घरी आल्यावर. विमा कंपनी या चार नोंदींतलं अंतरच पाहते.

प्रश्न: माझ्या जुन्या वाद्यावर हस्तिदंताची पट्टी आहे. दौऱ्यावर नेलं तर जप्त होईल का?

कागद नसेल तर होऊ शकतं. हस्तिदंत, कासवाची पाठ आणि काही लाकडं साइटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात. वारंवार सीमा ओलांडणाऱ्या वाद्यासाठी वाद्य प्रमाणपत्र मिळतं, ते ३ वर्षांपर्यंत चालतं. त्यासाठी वाद्याचं वय, पट्टी कशाची आणि वाद्य तुमच्याकडे कसं आलं याचा पुरावा लागतो. जाणकार कारागिराकडून मोजमापांसह लेखी वर्णन घ्या. काही देश स्वतःचा वेगळा परवानाही मागतात आणि ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश देतात. अर्ज दौऱ्याच्या काही महिने आधी. शिसवाबद्दल मात्र बरीच भीती जुनी आहे: नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे, फक्त ब्राझीलच्या शिसवाला ती नाही. पट्टी काढून हाड बसवणं हाही मार्ग आहे. नेहमीच फिरणाऱ्या कलाकाराला आम्ही तोच सुचवू.

प्रश्न: परदेशी महोत्सवाने ठरलेल्या मानधनातून कर कापून घेतला. हे नियमात बसतं का?

बसतं. दुहेरी कर टाळण्याच्या बहुतेक करारांत कलाकाराच्या कमाईवर कार्यक्रम जिथे झाला तो देश कर लावू शकतो, तुम्ही तिथे एकच संध्याकाळ असलात तरी. करारात रक्कम 'कर कापण्यापूर्वीची' की 'हातात पडणारी' हे लिहून घ्यायचं राहिलं, एवढंच झालं. आता आयोजकांकडून करकपातीचा दाखला मागा. त्यावर पासपोर्टवर आहे तसंच नाव, रक्कम, तारीख आणि कलम हवं. तो असेल तर आपल्या देशात भरायच्या करातून ती रक्कम साधारणपणे वळती करता येते. आयोजकांचं कार्यालय महोत्सव संपला की पांगतं, तेव्हा या महिन्यातच लिहा.

प्रश्न: आमच्या पिशव्यांना दोन परदेशी वितरक विचारत आहेत. ब्रँडचं नाव आधी नोंदवावं की विक्री जमली की मग?

आधी, आणि स्वतःच्या नावावर. चीनसारख्या देशांत जो पहिला अर्ज करतो त्याचं नाव. वितरकाने 'सोयीसाठी आमच्या नावावर करून घेतो' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. संबंध बिघडले की स्वतःचा माल स्वतःच्या नावाने विकता येत नाही.

आपल्या देशात अर्ज केल्याच्या तारखेपासून ६ महिन्यांत परदेशी अर्ज केले, तर पॅरिस करारानुसार तिथेही ती मूळ तारीख धरली जाते. अनेक देशांत जायचं असेल तर माद्रिद पद्धतीने एकाच अर्जात देश निवडता येतात, आणि नंतर वाढवताही येतात. नोंदणी १० वर्षांची. मर्यादा दोन. परदेशी अर्जातली वस्तूंची यादी मूळ अर्जापेक्षा मोठी असू शकत नाही. घरी फक्त पिशव्या लिहिल्या आणि उद्या पट्टे, पाकिटं आली तर पंचाईत. आणि पहिली ५ वर्षं सगळी इमारत मूळ नोंदणीवर उभी असते. ती पडली तर परदेशी नोंदीही पडतात, मग ३ महिन्यांत त्या देशात स्वतंत्र अर्जात बदलून घ्याव्या लागतात. म्हणून घरचा अर्ज घाईत, अर्धवट करू नका.

अर्जाआधी डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या जागतिक ब्रँड संग्रहात नाव शोधा, फुकट आहे. नुसतं तेच नाव नाही, उच्चाराने जवळची नावंही. पिशवीची आकृती नवीन असेल तर तिचा डिझाइन अर्ज प्रदर्शनात मांडण्यापूर्वी करा. युरोपीय संघ मांडल्यानंतर १२ महिन्यांची सवलत देतो, सगळे देश देत नाहीत.

प्रश्न: एक ग्राहक एफओबी दर मागतो, दुसरा डीडीपी. शिवाय ८ किलोच्या खोक्याला कुरियरने १९ किलोहून जास्त आकार लावला. कुठे चुकतंय?

खोक्यापासून सुरू करू. तुमचं खोकं ६० × ४० × ४० सेंटीमीटर. गुणाकार ९६,०००, त्याला ५,००० ने भागलं की १९.२ किलो. बहुतेक कुरियर कंपन्या खरं वजन आणि हे आकारमानाचं वजन यांतलं मोठं धरतात. पिशव्या सपाट रचून ५० × ३५ × ३० मध्ये बसवल्या तर १०.५ किलो. दर सांगण्याआधी भरलेलं खोकं मोजा, रिकामं नव्हे. फुगलेली बाजू कुरियरची फूटपट्टी सोडत नाही.

एफओबी ही जहाजावर चढवलेल्या मालाची अट आहे. कंटेनरचा माल तुम्ही बंदराच्या आवारात देऊन मोकळे होता, पण जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमचीच राहते. त्याऐवजी एफसीए (ठरल्या ठिकाणी वाहतूकदाराला माल दिला की तुमची जोखीम संपते), पुढे नेमकं ठिकाण, पुढे 'इन्कोटर्म्स २०२०' (या अटींचा आंतरराष्ट्रीय नियमसंच) असं लिहा. डीडीपीमध्ये ग्राहकाच्या देशातलं आयात शुल्क आणि करही तुमच्या डोक्यावर, आणि त्यासाठी तिथे आयातदार म्हणून नोंद लागू शकते. लहान उद्योगाने डीएपी द्यावा: दारापर्यंत माल तुमचा, शुल्क त्यांचं. या अटी मालकी कधी बदलते आणि पैसे कधी मिळतात याबद्दल काहीच सांगत नाहीत, ते वेगळं लिहा.

बिलावर 'फॅन्सी वस्तू' नको. 'सुती कापडाची शिवलेली खांद्यावरची पिशवी' असं लिहा आणि एचएस क्रमांक, म्हणजे सीमाशुल्कासाठीच्या मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक, द्या; त्याचे पहिले ६ अंक ही पद्धत पाळणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे ज्या त्या देशाचे.

पैसे पतपत्रावर (ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची बँकेची हमी, लेटर ऑफ क्रेडिट) येणार असतील तर बँक माल पाहत नाही, कागद पाहते. बिलावरचं वर्णन पतपत्रातल्या वर्णनाशी जुळलं पाहिजे, आणि वाहतुकीचा मूळ कागद जोडायचा असेल तर माल निघाल्यापासून २१ दिवसांत, पतपत्राची मुदत संपायच्या आत, कागद बँकेत पोहोचले पाहिजेत. पतपत्र हातात आलं की मालाला हात लावण्याआधी ते ओळीओळीने वाचा. न जमणारी अट दिसली तर दुरुस्ती तेव्हाच मागा. माल जहाजावर चढल्यावर ग्राहकाला दुरुस्ती देण्याची घाई नसते.